निंबावरची गुळवेल

राजदीपने बागेवरचा खटला चहा येण्याआधीच उभा केला, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मोसंबीऐवजी धाकटा भाऊ उभा राहिला. घराच्या रीतीला हे धरूनच होते. वडिलांच्या, भिका आबांच्या, हयातीत विहीर आटली होती, तेव्हाही चौकशी पावसाची झाली नव्हती, मोटार चालू करणाऱ्याची झाली होती.

"काल सगळी वेचली म्हणतोस," बुटाच्या टोकाने एक पडके फळ उलटवत राजदीप म्हणाला. "मग ही कुणाची?"

"रात्रीची पडलेली, दादा."

"म्हणजे रात्री बाग तुझ्या ताब्यात नसते."

"धुळ्याची बँक रात्री तुझ्या ताब्यात असते का?"

रविंद्रने हे हसत म्हटले, पण फळ उचलताना त्याचे हसू ओठांवरच राहिले, डोळ्यांपर्यंत गेले नाही. मोसंबी बाहेरून निर्दोष दिसत होती. सालीवर टाचणीच्या टोकाएवढे भोक आणि त्याभोवती तपकिरी, मऊ वर्तुळ. अंगठा दाबला की आंबूस रस. गिरणाकाठच्या या शिवारात आंबिया बहार सलग तिसऱ्या वर्षी असा ऐन काढणीच्या तोंडावर आतून कुजून गळत होता. हाही गेला तर झाडे उपटायची, असे तिघा भावंडांत उन्हाळ्यात ठरले होते. आज राजदीप धुळ्याहून आणि संघमित्रा जळगावहून आली होती. ठरलेले अमलात आणायला की मोडायला, हे मात्र दोघांपैकी कुणालाही नीट ठाऊक नव्हते.

बांधावर नूर महंमद चाचा बसले होते. चाळीसगावचे हे बागवान भिका आबांच्या काळापासून या बागेची फळे झाडावरच विकत घेत आले होते. त्यांनी एक मोसंबी कानाशी नेऊन हलवली, जणू ती काही कबूल करणार होती.

"भाऊ, मी फळ लेस," ते म्हणाले. "भोकं लेत नही."

"चाचा, तुम्ही तरी असं बोलू नका," रविंद्र म्हणाला.

"मंग कोन बोलई? हाई फळ गाडीमां भरसू तं मुंबईले रस पोचई, मोसंबी नही."

फवारणीत रविंद्रने कसूर केली नव्हती. तालुक्याच्या बाजारात औषधे विकणाऱ्या पंडितच्या विद्येत एकच सिद्धान्त होता : मागच्या वेळचे लागू पडले नसेल, तर पुढच्या वेळी त्याहून जहाल द्यावे. रविंद्र ते भर दुपारी, नाकाला रुमाल बांधून, निष्ठेने फवारत असे. खाणारा येत होता तिन्हीसांजेनंतर, पिऊन जात होता पहाटेपूर्वी. दुपारचे विष मिळाले ते मधमाश्यांना आणि मावा खाऊन बागेवर उपकार करणाऱ्या ढालकिड्यांना. आपल्याकडे शिक्षेची व्यवस्था बहुधा अशीच चालते. घटनास्थळी दिवसाउजेडी जो सापडेल तो दोषी.

"याचं नाव काय ठेवलं?" झाडाखाली बसत संघमित्राने विचारले. ती महाविद्यालयात इतिहास शिकवीत असे आणि नावांच्या बाबतीत काटेकोर होती.

किडींना नातेवाइकांची नावे देण्याची खोड या घराला आबांनी लावली होती. पानांचे नुसते देठ शिल्लक ठेवणारी अळी म्हणजे शिंदखेड्याचे व्याही. साल पोखरून आत दडणारी म्हणजे धरणगावचे मावसे. पानांवर काजळी धरायला लावणाऱ्या काळ्या माशीला संघमित्राला आलेल्या एका स्थळाचे नाव मिळाले होते. त्यामुळेच ते स्थळ मोडले, असे ती आजही कृतज्ञतेने सांगत असे.

"अजून नाही ठेवलं," रविंद्र म्हणाला. "यंदा नवा पाहुणा कुणी आला नाही."

"दादा आलाय की."

"मी पाहुणा?" राजदीप उखडला. "तिसरा हिस्सा आहे माझा."

"शिंदखेड्याचे व्याहीही असंच म्हणतात," संघमित्रा म्हणाली, आणि चाचा खोकल्याच्या आडून हसले.

याच वेळी मृणाली पोळ्यांचा डबा घेऊन आली. राजदीपने रुमाल पसरला. परंतु डब्याच्या तोंडावर झाकणाऐवजी मलमलचे फडके बांधलेले होते, आणि आत पोळ्या नव्हत्या.

मृणाली रविंद्रची बायको. तिने धुळ्याला प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केले होते. सासरी ही पदवी पाहुण्यांसमोर अभिमानाने आणि भाजीत मीठ कमी पडल्यावर कारण म्हणून उच्चारली जाई. तिने डबा सर्वांच्या मध्ये ठेवला. आत एक पतंग बसला होता. पंख मिटलेले असताना ते वाळलेले पानच वाटत होते. तिने फडक्यावर टिचकी मारली, तसे ते पान उघडले आणि आतले नारिंगी पंख दिसले, त्यांवर काळा पट्टा.

"हाच तो!" रविंद्र म्हणाला. "परवा बॅटरीच्या उजेडात फळावरून पकडला होता तो."

"तो अजून बाटलीतच आहे. हा बागेतला नाही. हा मी वाढवला."

"घरात?" राजदीपने रुमाल घडी करून खिशात घातला.

"आपल्या दारच्या गुळवेलीवर अळी होती, दादा. काळपट, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. वेलीचीच पानं घालून ठेवली. तिनं कोष केला, आज सकाळी हा बाहेर आला." ती थांबली. पुढचे वाक्य तिने स्वैपाकघरात अनेकदा म्हणून पाहिले होते आणि एकदाही ते बरे वाटले नव्हते. "पतंग मोसंबीवर फक्त रस प्यायला येतो. पिल्लं वाढतात ती गुळवेलीवर, नाहीतर वासनवेलीवर. वासनवेल ह्यांनी बांधावरून गेल्या सालीच काढली. धूर करू, गुळाचं विषारी आमिष ठेवू, पडकी फळं पुरू, ते सगळं करूच. पण पाळणाघर चालू ठेवून उपयोग नाही."

गुळवेल म्हणजे काय, हे इथे कोणाला सांगण्याची गरज नव्हती.

गावात कितीतरी घरे अशी होती की त्यांना या भावंडांच्या आईच्या, द्रौपदाबाईंच्या, हातचे पाणी चालत नसे. ती घरे उर्मट मुळीच नव्हती. बौद्धवाड्यात कुणी पाणी पुढे केले तर ती केवळ "आत्ताच पिऊन आलो" असे नम्रपणे म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या ती माणसे आत्ताच पिऊन आलेली असत. मग करोनाची दुसरी लाट आली, आणि त्यांची तहान परत आली. द्रौपदाबाईंच्या दारच्या कडुनिंबावर गुळवेल होती, आणि निंबावरची गुळवेल सर्वांत गुणाची असे लोक मानत. काढ्याने कुणाचे किती भले झाले हा प्रश्न विज्ञानाचा. इतिहासाने नोंद घ्यावी अशी गोष्ट वेगळीच होती. पाटील, वाणी, गुरव त्यांच्या ओट्यावर आले, आधी उभ्याने प्यायले, नंतर बसून प्यायले, आणि जाताना वेलीचे वीतभर कांडे मागून नेऊ लागले. हे सारे भीतीने घडले, न्यायाने नव्हे, हे द्रौपदाबाईंना कळत नव्हते असे नाही. पण ओट्यावर माणूस बसले की ते कोणत्या कारणाने बसले हे विचारण्याची चैन त्यांना कधी परवडली नव्हती. भीती ओसरल्यावरही लोक येत राहिले, आणि शिवारातल्या प्रत्येक निंबावर आता द्रौपदाबाईंच्या नावाची 'अक्काची वेल' चढलेली होती.

"मग उपटूच झाडं," राजदीप एकदम म्हणाला. खटला चालवणारा वकील आवाजातून नाहीसा झाला होता. "मोसंबीची. केळी लावू."

"वेल काढायची सोडून बाग उपटायची?" रविंद्रला कानांवर विश्वास बसेना.

"बाग पुन्हा लावता येते. मायच्या ओट्यावर पुन्हा कोण येणार आहे?"

"मला दादाचं पटतं," संघमित्रा म्हणाली.

आयुष्यभर राजदीपचे एकही वाक्य मान्य न केलेल्या बहिणीने ते आज, नेमके आजच, मान्य केले होते. रविंद्रने मृणालीकडे पाहिले. ती डब्याकडे पाहत होती.

"आणि गावातल्या बाकी बागा?" तिने विचारले. "त्याही उपटायच्या? लोक आज ना उद्या कृषी खात्याकडून हे ऐकतीलच. मग म्हणतील, वेल कुठून आली? आपण सांगितलं नाही, आणि आपल्याला ठाऊक होतं."

"म्हणतीलच," संघमित्रा सावकाश म्हणाली. "'बौद्धवाड्यातून आली' म्हणतील. 'निंबावरून आली' कुणी म्हणणार नाही." ती उठली आणि साडीवरचा पालापाचोळा झटकू लागली. "ठीक. मी वहिनीच्या बाजूनं. पण मायला सांगणार कोण?"

राजदीपला आठवले की तो थोरला असला तरी बाहेरगावी राहतो. संघमित्राच्या मते लेक म्हणजे परक्या घरची. स्त्रीमुक्तीवर व्याख्याने देणाऱ्या तिने हे इतक्या सहजतेने म्हटले की राजदीप टाळ्या वाजवायचा तेवढा राहिला. रविंद्रचे म्हणणे, त्याला रोज त्याच घरात जेवायचे होते. सगळे चाचांकडे वळले.

"मी? तोबा!" चाचा उठलेच. "तुम्ही शिकेल-सवरेल बठ्ठा, आनि एक बाईले भ्यातस! चला, मी संगे येस. पन मी काही बोलाव नही."

द्रौपदाबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. मुले, सून आणि मागे नूरभाई, अशी रांग येताना त्यांनी पाहिली आणि सूप बाजूला ठेवले. एवढी माणसे एका वाटेने येतात ती काही मागायला नाही तर काही सांगायला, आणि मागायचे असते तर ती एकेकटी येतात.

"बठ्ठा एकसंगे उनात," सगळ्यांवरून नजर फिरवत त्या म्हणाल्या. "मरना कोन?"

"कुणी नाही, माय," राजदीप म्हणाला. "यंदा पाऊस जरा..."

"पाऊस सांगाले तू धुळेहून उना?"

राजदीपने बहिणीकडे पाहिले. तिने निंबाकडे पाहिले. वेलीने निंब पुरा मिठीत घेतला होता, फांद्यांवरून तिच्या मुळ्या दोऱ्यांसारख्या खाली लोंबत होत्या.

मृणालीने डबा सासूच्या पुढ्यात ठेवला. "आत्याबाई, मोसंबीचं भोक हा पाडतो."

द्रौपदाबाईंनी फडके सोडले. पतंग उडाला, दारापर्यंत गेला, वळला आणि वेलीच्या दाट सावलीत शिरला. तिथे पंख मिटून तो पान झाला. कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी चष्मा सारखा केला, वेलीखाली जाऊन पाने एकेक उलटवली आणि एका पानाखालून डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी बोटावर घेतली.

"मंग हाऊ मनाच घरना शे," त्या म्हणाल्या.

"आपल्या घरचा असला तरी तुझी चूक नाही यात, माय," रविंद्र घाईने म्हणाला. "कुणालाच माहीत नव्हतं."

"मी इचारं का कोनी चूक?" अळी त्यांनी पायाखाली चिरडली नाही. मिठाच्या पाण्याच्या भांड्यात टाकली, जसा भाजीतला किडा टाकतात. "आपली काढी तं भागी का?"

"नाही," मृणाली म्हणाली. "पतंग लांबून उडत येतात. शिवारातली सगळी काढावी लागेल. आणि नुसतं बुडाशी तोडून चालत नाही. वरून मुळ्या खाली येतात, पुन्हा रुजतात. कांडं बांधावर पडलं तरी जगतं. ओढून, वेचून काढावी लागेल."

द्रौपदाबाई ओट्यावर बसल्या. समोरच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी जरा वेळ पाहिले. संघमित्राला वाटले, आई आता रडेल, आणि तिने आपला रुमाल तयारही ठेवला. पुढे डोळे पुसायला तो संघमित्राच्याच कामी आला.

"मी ग्रामसभेत सांगतो," रविंद्र म्हणाला. "नाव न घेता. 'शिवारातली गुळवेल काढावी', एवढंच."

"नाव नही लेता?" त्यांनी मान वर केली. "वेल दिन्ही तवय लोकेसनी मनं नाव लिन्हं. आते काढाना येळे बी मनंच लागी. मी लायेल शे, मीच काढसू."

"तू घरोघर फिरणार?" राजदीप म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"तू गप ऱ्हाय. तू संध्याकाळले धुळे चालना जाशी." मग त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली, जिला भिका आबा आयुष्यभर बिचकून होते. "पन दारमां उभी राहीसन मी कोनलेच सांगाव नही. जठे वेल शे तठे, परसमां बी जासू. इळा आन, मृणाली. राजदीप, तू शिडी ले. तिसरा हिस्सा शे ना तुना?"

आधी त्यांनी स्वतःच्या दारची वेल उतरवली. ओट्यावर एकदम ऊन आले.

पहिले घर सुपडू पाटलांचे निघाले, कारण त्यांची मोसंबी रविंद्रच्या बागेला लागून होती आणि गळही सर्वांत जास्त. पाटील अंगणात आले, शिडी पाहिली, विळा पाहिला, आणि रविंद्रने सांगितलेले सर्व त्यांनी गांभीर्याने ऐकून घेतले. बाग वाचणार हे त्यांना ताबडतोब पटले. त्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच काळजी उमटली.

"अक्का, तुम्ही कसाले तरास लेतस? मी गड्यासले सांगी काढी टाकस."

"गडी वरून तोडतीन, भाऊ. मुळ्या ऱ्हाई जातीन. मंग पुढला साल हाऊच पतंग, हाईच मोसंबी."

हे खरे होते. निंब परसात होता, आणि परसात जायला ओसरी, माजघर आणि स्वैपाकघर ओलांडावे लागे. सुपडूभाऊंनी मनात घराचा नकाशा उलगडून दुसरी वाट शोधली. आजोबांनी ती ठेवलीच नव्हती, चोरांच्या भीतीने. दुसऱ्या कुणी यावे अशी शक्यता आजोबांच्या बांधकामात गृहीत धरलेली नव्हती.

"असं करू," ते अखेर म्हणाले, अत्यंत सौजन्याने. "गोठ्याच्या मागच्या भिंतीला शिडी लावू. तिथून उतरता येईल. अंतर बी कमी पडंल."

रविंद्रचा हात विळ्यावर घट्ट झाला. संघमित्राच्या ओठांवर एक संदर्भासहित वाक्य आले. पण बोलला राजदीप, जो काही वेळापूर्वी बाग उपटून हा सारा प्रसंग टाळायला निघाला होता. त्याने शिडी खांद्यावरून उतरवली आणि पाटलांच्या उंबऱ्यासमोर आडवी ठेवली.

"माय एकाहत्तरची आहे, सुपडूभाऊ. शिडी निंबाला लागेल. भिंतीला नाही."

"तसं नव्हे हो, साहेब, माझं काही नाही. पण घरात म्हातारी माणसं..."

"कोन शे रे?" आतून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. पाटलांची आई भिकुबाई. गुडघ्यांनी त्यांना माजघरातच बसवून ठेवले होते. करोनाच्या वर्षी मात्र त्या काठी टेकत रोज बौद्धवाड्यापर्यंत जात असत.

"द्रौपदा शे," द्रौपदाबाईंनी परस्परच उत्तर दिले. "वेल काढाले उनी."

भिकुबाईंना अंगणातल्या पाठमोऱ्या मुलाचा ताठ खांदा दिसत होता आणि तो का ताठ आहे हेही कळत होते. तो खांदा त्यांनीच घडवला होता. काय बोलावे हे ठरण्याआधी त्यांच्या नाकात वास शिरला.

"दूध! अरे, दूध उतू जाई ऱ्हायनं! सून कोठे गई?"

सून विहिरीवर होती. भिकुबाई उठू लागल्या आणि गुडघ्याने त्यांना परत बसवले. सुपडूभाऊ अंगणातच अडकले होते, कारण उंबऱ्यासमोर शिडी आडवी होती. द्रौपदाबाईंनी चपला काढल्या, शिडी ओलांडली, उंबरा ओलांडला, ओसरी आणि माजघर मागे टाकले, आणि फेसाळत कडेला आलेले पातेले पदराने धरून खाली उतरवले. गॅस बंद केला. ओटा पुसला.

पातेल्यातला फेस हळूहळू खाली बसला. दारातून सुपडूभाऊ त्या पातेल्याकडे पाहत होते, आणि भिकुबाई सुपडूभाऊंकडे. दुधाचे काय करायचे हा प्रश्न कुणी विचारला नाही. पण तो त्या घरात इतका स्पष्ट उभा होता की त्याला बसायला पाट द्यावा लागला असता.

"झाकन ठेव तेन्हावर, द्रौपदा," भिकुबाई अखेर म्हणाल्या. "माशा बसतीन. मंग च्या टाकू, दोन्हीसना." आणि मुलाकडे वळून, पाटलिणीच्या पूर्ण जरबेने : "देखी काय ऱ्हायना? शिडी धर!"

सगळे घरातून परसात गेले, आणि निंबाला लावलेली शिडी सुपडूभाऊंनी धरली. राजदीपने दुसरी बाजू धरली, रविंद्र वर चढला, संघमित्रा आणि मृणाली गोणपाट पसरून पडणारी कांडी वेचू लागल्या. रविंद्रने जोर लावला, तसा वेलीचा पहिला भारा मुळ्यांसकट सुटला आणि थेट पाटलांच्या डोक्यावर, टोपीवर, खांद्यांवर येऊन बसला. ते बाजूला सरू लागले, तशी शिडी डुगडुगली.

निंबाखाली कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या द्रौपदाबाई म्हणाल्या, "हालू नको, भाऊ. आजून बठ्ठं बाकी शे."